मुलांमधली कृतज्ञता कशी वाढते, हे मोजायचं कसं?

तिसरीच्या वर्गात मी पहिली प्रश्नावली वाटली, तेव्हा पंधरा मिनिटांत सगळे कागद परत आले. मुलं शहाण्यासारखी बसली होती, कुणी कुणाचं बघून लिहिलं नव्हतं. मी खूश होते. संध्याकाळी कागद उलगडले तर जवळपास प्रत्येक पानावर, प्रत्येक वाक्यापुढे, सगळ्यात मोठ्या हसऱ्या चेहऱ्यावर खूण. एका मुलीने त्या चेहऱ्यांना वेण्या काढून वर रिबिनीही बांधल्या होत्या. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर अख्खा वर्ग सारखाच आणि पराकोटीचा कृतज्ञ होता. झालं होतं एवढंच, की मोठ्यांसाठी बनवलेली मोजपट्टी मी आठ वर्षांच्या मुलांच्या हातात दिली होती आणि बाईंना काय आवडेल ते मुलांनी बरोबर ओळखलं होतं.

तिथपासून शोधनिबंध पूर्ण होईपर्यंत जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पदव्युत्तर अभ्यासासाठी हा विषय घेणारे विद्यार्थी, मूल्यशिक्षणाचा उपक्रम चालवणारे शिक्षक, शाळेतले समुपदेशक, सगळ्यांसाठी आहे. संख्याशास्त्राची धास्ती असेल तरी चालेल. या कामातली खरी मेहनत आकडेमोडीच्या आधीच होते.

१. आधी ठरवा: मोजायचंय ते नेमकं काय?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि शेवटी तिथेच परत येतात.

मूल ‘थँक्यू’ म्हणतं, ती सवय असू शकते. भेट मिळाली की उड्या मारतं, तो आनंद असू शकतो. ‘आता मलाही त्याला काहीतरी द्यावं लागणार’ असं ओझं वाटतं, ते मिंधेपण. या तिन्हींच्या पोटी कृतज्ञता असेलच असं नाही. मिंधेपणासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे, त्याचा फायदा घ्या. आपली व्याख्या लिहिताना ‘मिंधेपणा कुठे संपतो आणि कृतज्ञता कुठे सुरू होते’ यावर दोन वाक्यं तरी लिहून ठेवा.

सवयीचा भाग किती मोठा असतो, हे १९८० साली ग्रीफ आणि ग्लीसन यांच्या छोट्याशा अभ्यासात दिसलं होतं. २२ लहान मुलं आपल्या पालकांसोबत आली होती. प्रत्येकाला एक भेट दिली गेली. ‘हॅलो’, ‘थँक्यू’ आणि ‘बाय’ या तिन्हींपैकी मुलांनी आपणहून सगळ्यात कमी म्हटलं ते ‘थँक्यू’, आणि आठवण करून द्यायला पालक होतेच. म्हणून ‘मूल किती वेळा आभार मानतं’ हे मोजलंत, तर त्यात पालकांच्या टोकण्याचंही मोजमाप मिसळलेलं असतं.

मला सर्वात उपयोगी पडली ती जोनाथन टज आणि लिया फ्रेटास यांच्या गटाची मांडणी. त्यांच्या मते कृतज्ञतेत तीन गोष्टी असतात. कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम, स्वतःच्या मर्जीने काही केलं. ते आपल्या लक्षात आलं आणि बरं वाटलं. आणि त्या माणसासाठी आपणही काही करावं अशी इच्छा झाली, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आतून. ही व्याख्या घेतली की बऱ्याच गोष्टी आपोआप बाहेर पडतात. ‘सुटी मिळाली म्हणून बरं वाटलं’ हा आनंद झाला. समोर कुणी देणारा नाही.

अँड्रिया हुसाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट चार क्रियांत मांडली आहे: लक्षात येणं, विचार करणं, वाटणं आणि करणं. मुलांशी बोलताना ती फार सोयीची आहे. तुला काय मिळालं? ते तुला का दिलं असेल? तुला कसं वाटलं? मग तुला काय करावंसं वाटलं? चौथ्या प्रश्नाला मुलं पटकन उत्तर देतात, दुसऱ्या प्रश्नाला अडखळतात. तिथे घाई करू नका, कारण वयाचा फरक जास्त करून त्याच ठिकाणी दिसतो.

२. वय बघून साधन निवडा

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत लेखी काहीही नको. बाहुल्या, चित्रं, छोट्या गोष्टी आणि गप्पा. या वयात कृतज्ञतेची समज इतर समजुतींच्या खांद्यावर उभी असते. २०१३ साली नेल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीच मुलं तीन, चार आणि पाच वर्षांची असताना तपासली गेली. तिसऱ्या वर्षी ज्यांना भावना चांगल्या ओळखता येत होत्या, त्यांना चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे जास्त कळत होतं, आणि त्यातून पाचव्या वर्षी कृतज्ञतेची समज अधिक दिसली. म्हणून या वयोगटात काम करणार असाल तर भावना ओळखण्याची एखादी छोटी चाचणीही सोबत घ्या. नाहीतर मूल कुठे अडलं हे कळणार नाही.

सात ते चौदा या वयात इच्छांचे दोन प्रश्न आणि गोष्टी. दहाच्या पुढे मोजपट्ट्यांचा विचार करता येतो, तोही जपून.

३. इच्छांचे दोन प्रश्न

फक्त एकच साधन वापरायची मुभा असेल, तर हे वापरा.

१९३८ साली फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी स्वित्झर्लंडमधल्या १०५९ मुलांना, वय ७ ते १५, दोन प्रश्न विचारले. तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती? आणि ती इच्छा पूर्ण करणाऱ्या माणसासाठी तू काय करशील? उत्तरं वाचून त्यांना कृतज्ञतेचे चार प्रकार दिसले. पुढे टज आणि फ्रेटास यांच्या गटाने हेच प्रश्न अमेरिका, ब्राझील, चीन, रशिया अशा देशांतल्या मुलांना विचारले. ऐंशीहून अधिक वर्षं टिकलेलं साधन आहे, आणि त्याला लागतो फक्त कागद आणि पेन्सिल.

ते चार प्रकार माझ्या शब्दांत असे:

शाब्दिक: ‘मी त्याला खूप वेळा थँक्यू म्हणेन.’

वस्तुरूप: ‘मी त्याला माझी सगळी खेळणी देईन.’ परतफेडीची इच्छा खरी असते, पण वस्तू मुलाच्या आवडीची असते. त्या मोठ्या माणसाला खेळणी काय कामाची, हा विचार अजून आलेला नसतो.

नातं जोडणारी: ‘त्यांना कधी अडचण आली तर मी जाईन’, ‘त्यांना काय आवडतं ते शोधून काढेन.’ इथे देणाऱ्याची गरज, त्याचं मन मुलाच्या नजरेत आलेलं असतं.

ध्येयलक्षी: इच्छा पोहायला शिकण्याची असेल तर ‘मी रोज सराव करेन, म्हणजे त्यांनी शिकवलेलं वाया जाणार नाही.’ हा प्रकार कमी सापडतो.

वयाबरोबर काय बदलतं? वस्तुरूप उत्तरं लहान वयात जास्त दिसतात आणि पुढे कमी होतात; नातं जोडणारी वाढत जातात. शाब्दिक उत्तरं सगळ्याच वयांत भेटतात. म्हणजे मुलं ‘जास्त’ कृतज्ञ होत जातात असं म्हणण्यापेक्षा त्यांची कृतज्ञता वेगळ्या प्रकारची होत जाते, असं म्हणणं खरं ठरेल. माझ्या पहिल्या प्रश्नावलीचा मूळ घोटाळा हाच होता. मी ‘किती’ विचारत होते, बदलत होतं ‘कशी’.

आता मराठीत प्रश्न विचारताना क्रियापद सांभाळा. यावर माझे तीन आठवडे गेले. पहिल्या मसुद्यात मी दुसरा प्रश्न लिहिला होता, ‘त्या माणसाला तू काय देशील?’ साहजिकच सगळ्यांनी वस्तू लिहिल्या. प्रश्नातच ‘देणं’ होतं. ‘काय म्हणशील?’ विचारलंत तर सगळे आभार मानतील. ‘काय करायला हवं?’ विचारलंत तर मूल शाळेत शिकवलेलं कर्तव्य लिहील, स्वतःच्या मनातलं नाही. ‘काय करशील?’ हेच ठेवा आणि त्यात काहीही मिसळू नका. ‘ती इच्छा पूर्ण करणारा’ असं म्हणताना मुलं फक्त पुरुषाचा किंवा देवाचा विचार करतात, म्हणून ‘जी कोणी व्यक्ती तुझी इच्छा पूर्ण करेल, तिच्यासाठी’ अशी रचना बरी पडते.

उदाहरण देऊ नका. कितीही मोह झाला तरी. ‘म्हणजे कसं बाई?’ असा प्रश्न येणारच, आणि तुम्ही दिलेलं उदाहरण दहा मिनिटांत अर्ध्या वर्गाच्या कागदावर उतरलेलं असेल. ‘तुला वाटेल ते लिही, यात बरोबर-चूक काही नाही’ एवढंच म्हणा आणि पुढच्या बाकाकडे जा.

कागद गोळा करताना खोडलेलं पुसायला लावू नका. एका नऊ वर्षांच्या मुलाचा कागद मी अजून विसरलेले नाही. इच्छा होती, आजीला परत चालता यावं. दुसऱ्या प्रश्नाखाली त्याने आधी लिहिलं होतं, ‘थँक्यू म्हणेन.’ त्यावर एक रेघ. खाली, ‘माझी सायकल देईन.’ त्यावरही रेघ, जरा जोरात मारलेली, कागद थोडा फाटलेला. मग अगदी तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात: ‘डॉक्टर असले तर त्यांना सायकल नको असेल, त्यांना काय पाहिजे ते विचारेन.’ तीन ओळींत तीन प्रकार, एकाच मुलाच्या हातून, पाच मिनिटांत. स्वच्छ कागदाचा आग्रह धरला असता तर माझ्याकडे शेवटची ओळ तेवढी आली असती.

४. उत्तरांचं वर्गीकरण

इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो. घाईत केलं की पुढचं सगळं डळमळीत होतं.

आधी नियमपुस्तिका लिहा. प्रत्येक प्रकाराची व्याख्या, चार-पाच नमुना उत्तरं, आणि मुख्य म्हणजे काठावरची उत्तरं. ‘मी त्याला मिठी मारेन’ हे शाब्दिक की नातं जोडणारं? ‘मी त्याचा बेस्ट फ्रेंड होईन’ यात त्या माणसाला काय मिळतं? ‘मी त्याच्यासाठी प्रार्थना करेन’ कुठे टाकायचं? एकदा ठरवा, लिहून ठेवा, तारीख घाला. मध्येच नियम बदलला तर आधीचे सगळे कागद परत तपासायचे. कंटाळवाणं आहे, पण पळवाट नाही.

एका उत्तरात दोन प्रकार असतील तर? दोन मार्ग आहेत. प्रत्येक प्रकारासाठी ‘आहे/नाही’ अशी वेगळी नोंद करा किंवा सर्वांत प्रगल्भ प्रकार धरा. मी पहिला मार्ग घेतला आणि तोच सुचवेन, कारण त्यात माहिती हरवत नाही.

‘माहीत नाही’, ‘काहीच नाही’, रिकामी जागा, ही तीन वेगळी उत्तरं आहेत. त्यांना एकाच डब्यात टाकू नका.

वर्गीकरण दोघांनी करायचं, एकमेकांना न विचारता, आणि कागदावर मुलाचं वय-इयत्ता झाकून. इयत्ता दिसली की मन आपोआप मोठ्या मुलाच्या उत्तरात खोल अर्थ शोधू लागतं. मी स्वतःला हे करताना पकडलं आहे.

दोघांचं किती जुळलं हे सांगताना नुसती टक्केवारी देऊ नका, कोहेनचा कप्पा (Cohen's kappa), म्हणजे योगायोग वजा करून उरलेली जुळणी सांगणारा आकडा, काढा. कारण असं: समजा एक प्रकार ७० टक्के उत्तरांत आहे आणि दोघांनीही डोळे मिटून १०० पैकी कुठल्याही ७० कागदांवर ‘आहे’ अशी खूण केली, तरी निव्वळ योगायोगाने ५८ टक्के जुळणी दिसेल. मग प्रत्यक्षात ८० टक्के जुळलं, तर कप्पा येतो सुमारे ०.४८. ऐकायला ८० भरघोस वाटतात, पण योगायोग वजा केला की हातात मध्यम जुळणी उरते. ०.६ च्या खाली आलं तर समजा की नियमपुस्तिकेत संदिग्धता आहे. सहकाऱ्याला दोष देण्याआधी व्याख्या परत वाचा. ०.८ च्या वर गेलात तर निश्चिंत पुढे जा.

५. गोष्टी सांगून विचारा

इच्छांच्या प्रश्नात देणारा काल्पनिक असतो. मुलाला देणाऱ्याचा हेतू कळतो का, हे बघायला गोष्टी लागतात. युक्ती एकच: दोन गोष्टी जवळपास सारख्या लिहायच्या आणि एकच धागा बदलायचा.

एक जोडी नमुन्यादाखल. पहिल्या गोष्टीत नव्या मुलीला संघाची कप्तान स्वतःहून खेळायला घेते. दुसऱ्या गोष्टीत तीच कप्तान तिला घेते, कारण नव्या मुलांना घ्यायचंच असा नियम आहे. मिळालेली गोष्ट एकच. मग विचारा: नव्या मुलीला कप्तानाबद्दल काय वाटेल? का? उद्या कप्तानाला मदत लागली तर ती काय करेल? सँड्रा ग्रॅहॅम यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात अशाच प्रकारचा फरक वापरला होता. लहान मुलांना दोन्ही कप्तान सारख्याच वाटू शकतात. मोठी मुलं ‘पण तिने तर नियम म्हणून घेतलं’ हे बोलून दाखवतात.

बदलण्यासारखे आणखी धागे: देणाऱ्याला त्यासाठी किती त्रास पडला, वस्तू कामाची होती की नाही, मनापासून दिली की आईने द्यायला लावली. एका वेळी एकच बदला. मी एका गोष्टीत हेतू आणि त्रास दोन्ही बदलून बसले आणि त्या गोष्टीची सगळी उत्तरं बाजूला ठेवावी लागली.

‘का?’ हा प्रश्न कधीही वगळू नका. ‘तिला छान वाटेल’ हे उत्तर सहा वर्षांचं मूलही देतं आणि बारा वर्षांचंही. फरक त्याच्या पुढच्या वाक्यात असतो.

६. मोजपट्ट्या वापरायच्याच असतील तर

तीन नावं तुम्हाला सगळीकडे भेटतील. जीक्यू-६, म्हणजे मॅकलॉ, एमन्स आणि त्सांग यांची २००२ सालची सहा वाक्यांची मोजपट्टी. प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण. जीएसी, म्हणजे तीन विशेषणांची छोटी यादी. आणि ग्रॅट (GRAT) या कृतज्ञतेच्या लांब प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती, १६ वाक्यांची. तिन्ही मोठ्यांसाठी बनल्या आहेत.

मुलांवर त्या चालतात का, हे जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली १० ते १९ वयाच्या १४०५ मुलांवर तपासलं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जीक्यू-६ चं सहावं वाक्य, ‘कुणाबद्दल कृतज्ञ वाटायला मला बराच काळ जावा लागतो’ अशा अर्थाचं, मुलांच्या बाबतीत नीट चालत नाही, ते वगळावं. आणि १० ते १३ वयात ग्रॅटच्या गुणांचा बाकी दोन मोजपट्ट्यांशी मेळ फारसा बसत नाही. म्हणून त्या वयात ग्रॅट वापरून निष्कर्ष काढू नका.

गुण मोजताना जीक्यू-६ चं तिसरं आणि सहावं वाक्य उलटं आहे. तिथे आठातून मुलाचे गुण वजा करायचे: मुलाने २ दिले तर ६ धरायचे. सहावं वगळलंत की बेरीज ५ ते ३५ च्या दरम्यान येते. हे विसरून काढलेली सरासरी मी दोन प्रबंधांच्या कच्च्या मसुद्यांत पाहिली आहे, त्यातला एक माझाच होता.

भाषांतराबद्दल थोडं सविस्तर. जीएसीची तिन्ही इंग्रजी विशेषणं मराठीत आणली की ‘कृतज्ञ’, ‘आभारी’ आणि तिसऱ्यासाठी कसाबसा जुळवलेला शब्द, असं होतं. दहा वर्षांच्या मुलाच्या लेखी तिन्ही एकच किंवा तिन्ही अनोळखी. मी मराठीत जीएसी वापरूच नये या मताची आहे. ‘उपकार’ शब्दही टाळा. तो ऐकला की मिंधेपण जागं होतं. ‘मला मदत करणारी खूप माणसं आहेत, त्यांची मला आठवण राहते’ अशी वाक्यं मुलांना कळतात. भाषांतर झालं की मूळ न पाहिलेल्या एखाद्याकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मग पाच-सहा मुलांना वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे तुझ्या शब्दांत सांग बघू.’ या एका तासात जे कळतं ते कुठल्याही आकड्यात कळत नाही.

७. परवानग्या आणि सामान

हे आधी गोळा करा, नाहीतर वर्गाच्या दारातून परत यावं लागतं:

– तुमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी मान्यता
– शाळेचं परवानगीपत्र, दिवस आणि तास नमूद केलेलं
– पालकांचं संमतीपत्र, त्यांच्या भाषेत, एका पानात
– मुलाची स्वतःची संमती. लहानांची तोंडी, मोठ्यांची लेखी
– क्रमांक टाकलेल्या उत्तरपत्रिका. नावांची यादी वेगळ्या, कुलपातल्या फाइलमध्ये
– वय महिन्यांसह नोंदवायचा तक्ता (इयत्तेवरून वय धरू नका)
– गोष्टींची चित्रं, रेकॉर्डर, जादा पेन्सिली
– नियमपुस्तिका आणि नोंदींची वही

पालकांच्या पत्रात ‘कृतज्ञतेची चाचणी’ असं लिहू नका. मी लिहिलं, आणि दोन-तीन घरी आदल्या रात्री रीतसर तयारी करून घेतली गेली. ‘मुलं इच्छांबद्दल आणि मदतीबद्दल कसा विचार करतात याचा अभ्यास’ हे खरंही आहे आणि त्याने मुलं पढवली जात नाहीत.

मूल मध्येच ‘मला नाही लिहायचं’ म्हणालं तर तो त्याचा हक्क आहे. कारण विचारायचं नाही, कागद घ्यायचा, चित्र काढायला दुसरा द्यायचा.

८. प्रत्यक्ष वर्गात

वर्गशिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगा. त्या वर्गात असल्या की अर्ध्या मुलांच्या इच्छा ‘खूप अभ्यास करून पहिला नंबर’ अशा होतात. परीक्षा, स्नेहसंमेलन, शिक्षकदिन यांच्या आसपासचे दिवस टाळा. आभाराची भाषणं ऐकून आलेली मुलं तेच लिहितात.

ज्यांना लिहायला जड जातं त्यांच्याकडून तोंडी घ्या आणि शब्दशः लिहा. ‘मी त्याला ना, मी ना, माझं ते हे देईन’ असं म्हटलं तर तसंच लिहा. सुधारून लिहिलंत की ते वाक्य तुमचं होतं.

कधीकधी इच्छाच अशी येते की पुढचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. बाबा परत यावेत. आईने रडू नये. अशा वेळी अभ्यास बाजूला ठेवा, मुलाशेजारी बसा. समुपदेशकाकडे कसं पोहोचवायचं याची वाट आधीच ठरवून ठेवलेली हवी. त्या क्षणी सुचत नाही.

९. ‘वाढ’ हा शब्द वापरताना

तुम्ही ७, १० आणि १३ वर्षांच्या मुलांना एकाच महिन्यात भेटलात, तर तुम्ही तीन वेगळे गट पाहिलेत; एकाही मुलाला वाढताना पाहिलेलं नाही. हा मार्ग चालतो, मीही तोच घेतला. लिहिताना मात्र ‘वयाबरोबर कृतज्ञता बदलते’ असं न लिहिता ‘मोठ्या गटात नातं जोडणारी उत्तरं जास्त आढळली’ असं लिहा. त्याच मुलांना वर्षभराने परत भेटणं शक्य असेल तर जरूर भेटा, पण काही मुलं शाळा सोडून जातील हे धरून सुरुवातीला जास्त मुलं घ्या.

भाषेची सावली सगळ्यावर पडते. तेरा वर्षांचं मूल लांब लिहितं, आणि लांब उत्तरात नातं जोडणारं वाक्य सापडण्याची शक्यता आपोआप वाढते. म्हणून प्रत्येक उत्तराची शब्दसंख्या नोंदवा आणि विश्लेषणात तिचा विचार करा. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच बैठकीत विचारलेला प्रश्न हा होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे कागद परत काढून शब्द मोजले.

उपक्रमाचा परिणाम बघत असाल तर उपक्रम न केलेला गट लागतोच. आणि आधी-नंतर दोन्ही वेळा तेच प्रश्न विचारलेत तर दुसऱ्या वेळी काही मुलं ‘हे मी मागे लिहिलंय’ म्हणून दोन शब्दांत आटपतात. गोष्टींच्या दोन समान संचांची सोय करा आणि अर्ध्या मुलांना उलट क्रमाने द्या.

१०. शाळेला काय द्यायचं

काम संपलं की शाळा निकाल मागते, आणि मागणं रास्तच आहे. माझ्याकडे एका मुख्याध्यापकांनी थेट यादी मागितली: कुठली मुलं कृतघ्न निघाली ते कळलं तर पालकांना बोलावता येईल. मी नाही म्हटलं. एका कागदावरच्या एका वाक्यावरून कुठल्याही मुलाबद्दल असं काही सांगता येत नाही, आणि मुलांना मी शब्द दिला होता की त्यांचं लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही.

त्याऐवजी त्यांना दोन पानं दिली. पहिल्यावर इयत्तावार चारही प्रकारांची उत्तरं किती आली त्याचा तक्ता. दुसऱ्यावर, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून, मुलांची वीस वाक्यं, जशी लिहिली तशी. तक्ता त्यांनी बाजूला ठेवला. वाक्यं उभ्याउभ्याच वाचायला लागले, मग खुर्ची ओढून बसले आणि शिपायाला सांगून तिसरीच्या बाईंना बोलावून घेतलं.